उशाशी उजेड

आमच्या बेडरूममध्ये एकच ट्यूबलाइट होती. दाराच्या वर, छताला लागून. बटण दाराशेजारच्या बोर्डावर. खोली दहा बाय बारा, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या जुन्या घराची मागची खोली. खिडकी एकच, तीही शेजारच्यांच्या भिंतीकडे उघडणारी. पलंग, जड लाकडी कपाट, कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर माझ्या शाळेच्या वह्यांचे गठ्ठे. खोली सुधारायचा विषय निघाला की बोलणं फॉल्स सीलिंग, नवं कपाट, बॉक्सचा पलंग इथपर्यंत जायचं आणि खर्चाच्या आकड्यापाशी थांबायचं. यंदा दिवाळीच्या आधी ठरवलं, सहा हजारांच्या वर जायचं नाही, फर्निचर आहे तेच ठेवायचं आणि फक्त उजेडाचं बघायचं.

उजेडच का, तर त्याचा जाच रोजचा होता. हे पीथमपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये आहेत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते. मला सकाळची शाळा, त्यामुळे मी तेव्हा गाढ झोपेत. ह्यांनी दार उघडून बटण दाबलं की ट्यूबचा पांढरा झोत सरळ माझ्या चेहऱ्यावर यायचा. मग हे ट्यूब लावायचंच टाळायला लागले. मोबाइलचा टॉर्च कपाटाच्या फळीवर ठेवायचा आणि त्यात कपडे शोधायचे. दिवसभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाने स्वतःच्या खोलीत असं चाचपडावं, हे मला बघवत नव्हतं. नाइट शिफ्टच्या आठवड्यात उलट, ह्यांना भर दिवसा झोप हवी. आणि मी संध्याकाळी टेबलाशी वह्या तपासायला बसले की ट्यूब पाठीमागे, म्हणजे माझीच सावली वहीवर. एका खोलीत दोन माणसांची दोन वेळापत्रकं आणि दिवा मात्र एक.

मी आठवीला विज्ञान शिकवते. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याच दिव्याचा उजेड चौपट पडतो, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. आमची ट्यूब वीस वॉटची, साधारण दोन हजार ल्युमेनची. ल्युमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप. आकडा भरपूर आहे. पण ती वहीपासून नऊ-दहा फुटांवर आणि पाठीमागे. त्याऐवजी पाच वॉटचा, साडेचारशे ल्युमेनचा लहान दिवा हातभर अंतरावर असला तर पानावर तिच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड पडतो, आणि शेजारी झोपलेल्याला त्याचा त्रासही होत नाही. खोलीत उजेड पुरेसा होता, पण कुणाच्याच कामाच्या जागी पडत नव्हता. सगळा खर्च या एका गोष्टीवर करायचा, असं आम्ही ठरवलं.

बाजारात जाण्याआधी घरातच करून बघितलं. ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी, अंधार पडल्यावर, लेकीचा टेबल लॅम्प आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. ट्यूब बंद केली आणि तो एकच लॅम्प खोलीभर फिरवला. जमिनीवर ठेवला, स्टुलावर ठेवला, पलंगाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवला, कपाटावर चढवून छताकडे वळवला. दर वेळी एकाने झोपून बघायचं आणि एकाने टेबलाशी बसून. कुणाच्या डोळ्यांत जातोय, कुणाची सावली कुठे पडतेय, खोली कशी दिसतेय, एवढंच बघायचं. यात एक पैसा लागला नाही आणि सगळ्यात जास्त कळलं ते यातूनच. खोलीचे दिवे बदलायचे असतील त्या प्रत्येकाने हे आधी करावं, असं मी आग्रहाने सांगेन. कॅटलॉगमधला दिवा सुंदर असतो, पण तो तुमच्या भिंतीवर कुठे पडेल हे कॅटलॉगला माहीत नसतं.

कपाटावरून छतावर उजेड टाकला तेव्हा आम्ही दोघंही गप्पच झालो. दिवा तोच, पण छत उजळलं आणि खोली एकदम उंच वाटायला लागली. कुठेही झगमग नाही, सावल्या मऊ. उघडा दिवा डोळ्यांना दिसतो तेव्हा बाकीची खोली त्याच्यापुढे काळवंडते. दिवा लपवून नुसता उजळलेला भाग दिसू दिला तर कमी उजेडातही सगळं नीट दिसतं. फक्त पंख्याकडे लक्ष द्यावं लागलं. पाती छतापासून फूटभर खाली आहेत. लॅम्प कपाटाच्या पुढच्या कडेला असला की समोरच्या भिंतीवर पात्यांच्या सावल्या फिरायच्या, आणि ते पाच मिनिटंही सहन होत नाही. लॅम्प मागे, भिंतीलगत सरकवला की उजेड आधी भिंतीवर, तिथून छतावर आणि मग खोलीत उतरायचा, सावल्या थांबल्या. ती जागा कपाटावर खडूने आखून ठेवली.

उशाकडचं मोजमापही असंच घेतलं. उशीला टेकून वाचायला बसतो तसे बसलो. दिव्याचं तोंड डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली असेल तर आतला बल्ब दिसत नाही आणि पान उजळतं. आमच्या दोघांच्या उंचीला ती जागा गादीपासून सुमारे दोन फुटांवर आली. पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. मिस्त्री सहसा आपल्या सोयीने, साडेचार-पाच फुटांवर ब्रॅकेट ठोकतात. तिथून दिवा डोक्यावर येतो आणि झोपलेल्याच्या डोळ्यांत घुसतो. आपली फुली तयार असली की हा प्रश्नच येत नाही.

दिवे घेण्याआधी रंग. पलंगामागची भिंत गडद मोरपंखी होती. दिवसा छान दिसायची, पण रात्री उजेड गिळून टाकायची. चांगला पांढरा रंग आपल्यावर पडलेल्या उजेडातला साधारण ऐंशी टक्के परत फेकतो. गडद निळे-हिरवे रंग त्याच्या पाव भागही देत नाहीत. छतावर तर पंख्यामुळे आणि वर्षानुवर्षांच्या धुळीमुळे करडा थर बसला होता. आमचा मुख्य उजेड छतावरून परतून येणार होता, म्हणजे आता छतच आमचा दिवा. ते आणि ती भिंत आम्हीच घरच्या घरी रंगवली. छत शुद्ध पांढरं, भिंत ऑफ व्हाइट, दोन्ही मॅट. चकचकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं आणि डोळ्यांना टोचतं. रंग, रोलर आणि ब्रश मिळून ८८० रुपये झाले. लेकीने शेवटचा हात मारला.

मग महाराणी रोड. इंदूरमध्ये विजेचं सामान म्हटलं की पावलं तिकडेच वळतात. दुकानांत इतके दिवे एकाच वेळी जळत असतात की कुठल्याच दिव्याचा उजेड खरा कळत नाही. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, किती वॉटचा. वॉटवरून फक्त वीज किती लागेल ते कळतं. उजेड किती हे ल्युमेनवर आणि तो कसा हे केल्विनवर, आणि दोन्ही आकडे डब्यावर छापलेले असतात. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार उजेड, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे आपल्या घरोघरच्या ट्यूबचा निळसर पांढरा. दुकानात यांना वॉर्म व्हाइट, नॅचरल व्हाइट, कूल डेलाइट म्हणतात. वॉर्म मागितला तर दोन दुकानांत आधी समोर आला तो कूलच, कारण खपतो तोच.

तिसरा आकडा सीआरआयचा. त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, शंभरपैकी. चांगल्या एलईडीवर ८० किंवा ९० असतो. काही डब्यांवर तो नसतोच. त्यासाठी मी पर्समध्ये माझ्या महेश्वरीच्या काठाचा उरलेला तुकडा घेऊन गेले होते. गडद मरून, जरीसकट. दुकानदाराला बल्ब टेस्टिंग बोर्डावर लावायला सांगायचं, हाताचा आडोसा करून तुकडा त्याखाली धरायचा. एका स्वस्त बल्बखाली तो मरून चक्क तपकिरी दिसला, जरी विझून गेली. दुसऱ्याखाली काठ होता तसा दिसला. फरक दोघांच्या किमतीत चाळीस रुपयांचा. लाल रंगाची परीक्षा घ्यावी, कारण कमी प्रतीचे एलईडी पहिले तिथेच कमी पडतात. आपल्या त्वचेचा रंगही त्यातच येतो. खोलीत माणसं आजारल्यासारखी दिसत असतील तर दोष बऱ्याचदा बल्बचा असतो.

याचं कारण एलईडीच्या घडणीतच आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. त्या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. फॉस्फरचा थर आणि मिश्रण जसं असेल तसा उजेड उबदार किंवा गार, रंग खरे किंवा फिके. आणि झोपेचा संबंधही त्या निळ्याशी आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्या बघण्यापेक्षा शरीराला दिवस-रात्र सांगण्याचं काम जास्त करतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, आणि तो प्रकाश रात्री डोळ्यांत गेला की झोप आणणारं मेलॅटोनिन दबतं. म्हणून झोपायच्या खोलीत वॉर्म. पण नुसता रंग बदलून भागत नाही, प्रमाणही कमी लागतं. झगझगीत वॉर्म दिवासुद्धा जागं ठेवतोच.

मी दोन भिंतीचे दिवे घेतले, मान वळवता येणारे, आतून पांढरी आणि बाहेरून काळी टोपी असलेले, ६४० ला एक. बल्ब लागतो पाच वॉटचा. घेताना होल्डर बघितला. आपल्याकडे घरात पिनचा होल्डर सर्रास असतो, पण अशा फॅन्सी दिव्यांना बऱ्याचदा चुडीचा, म्हणजे बल्ब फिरवून बसवायचा आट्यांचा येतो, आणि बारीक चुडीचा असला तर बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. वर्षभराने बल्ब गेल्यावर पुन्हा महाराणी रोड गाठावा लागू नये म्हणून साध्या, मोठ्या चुडीचाच घेतला. दोन दिव्यांना दोन आणि टेबलाशेजारच्या जुन्या होल्डरला एक, असे ३००० केल्विनचे तीन बल्ब, ११० ला एक.

उशाशी उजेड ही कल्पना इंदूरला तशी जुनीच. माणिकबाग राजवाडा आमच्या गावचा, यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमारास जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून करवून घेतलेला. त्या वाड्यासाठी मुथेसियस यांनी लाल आरामखुर्च्या केल्या होत्या. त्यांच्या पाठीतच वाचायचे दिवे बसवलेले, बसणाऱ्याच्या खांद्याजवळ. वाड्यातलं बरंचसं सामान पुढे देशाबाहेर गेलं, १९८० मध्ये मोनॅकोत त्याचा लिलाव झाला, आणि आता त्या वास्तूत केंद्रीय करखात्याचं कार्यालय आहे. त्या खुर्चीचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तिच्या थाटापेक्षा त्या दिव्याच्या जागेकडेच माझं लक्ष गेलं होतं. वाचणारा माणूस कुठे बसेल आणि पान कुठे धरेल याचा विचार करून दिवा त्याच्यापाशी नेलेला. जागेचा हा विचार महाराजांच्या वाड्यात जितका लागू, तितकाच दहा बाय बाराच्या खोलीत, आणि त्याला पैसे लागत नाहीत. या शहरात वाढलेल्या मुलांना माणिकबागेबद्दल शाळेत एवढं तरी सांगायला हवं, मी सांगते.

कपाटावरच्या जागेसाठी एलईडी पट्टी घेतली. पाच मीटरचा रोल, बारा व्होल्टची, मीटरला १२० दाण्यांची, म्हणजे तेवढ्या चिमुकल्या एलईडींची, वॉर्म. पट्टीत अशी एक सोय असते की दर तीन दाण्यांनंतर तांब्याचे ठिपके आणि कात्रीची खूण असते. त्या खुणेवर कापली तर दोन्ही तुकडे चालतात. आम्हाला अडीच मीटर पुरली, उरलेली जपून ठेवली. अॅडॉप्टरचा मात्र हिशेब करावा लागतो. पाकिटावर मीटरला ९.६ वॉट लिहिलेलं, म्हणजे अडीच मीटरला २४ वॉट. दुकानदार बारा व्होल्ट दोन अँपियरचा अॅडॉप्टर देत होता, त्याची ताकद बरोबर २४. एवढ्या काठावर तो तासन्‌तास तापत राहतो. मी तीन अँपियरचा, म्हणजे ३६ वॉटचा घेतला. पट्टी अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवून वर दुधी झाकण लावलं. चॅनेलमुळे दाण्यांची उष्णता निघून जाते आणि झाकणामुळे एकेक दाणा वेगळा दिसत नाही. पट्टी ३८०, अॅडॉप्टर २९०, चॅनेलच्या दोन पट्ट्या ३६०.

आता मिस्त्री. वायरिंगला मी हात लावत नाही आणि कुणी लावूही नये. आमचा मिस्त्री मालव्यातलाच, वयाने मोठा, कामाला सावकाश. आल्या आल्या त्याला मी एक गोष्ट सांगितली. टेबलाशेजारच्या जुन्या होल्डरला नवा एलईडी लावून बघितला होता, तर तो बटण बंद केल्यावरही पूर्ण विझत नव्हता. काळोखात बघितलं तर आतले दाणे मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखे धुगधुगत होते. त्याने बल्ब काढला, बटण बंदच ठेवलं आणि होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टरचा लाल दिवा लागला. “भाभीजी, ये तो उल्टा है. स्विच न्यूट्रल पे डाल रखा है.”

म्हणजे बटण बंद केल्यावर फक्त परतीची वायर तुटत होती. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, होल्डरपर्यंत सतत आलेलीच. जुना पिवळा बल्ब असताना हे कधी कळलंच नसतं, कारण त्याला जळायला बराच प्रवाह लागतो. एलईडीला इतका थोडा पुरतो की वायरींमधून झिरपणाऱ्या विजेवरही तो धुगधुगतो. धुगधुगण्याचं सोडा, पण बटण बंद केलंय म्हणून निर्धास्तपणे बल्ब बदलणाऱ्याला तिथे झटका बसू शकतो. नव्या एलईडीने ही जुनी धोक्याची गोष्ट आम्हाला दाखवून दिली. बटण बंद असताना बल्ब मंद उजळत असेल तर दर वेळी हेच कारण असेल असं नाही. लांब समांतर वायरींमुळे किंवा बटणातल्या इंडिकेटरमुळेही होतं. पण मिस्त्रीकडून तपासून जरूर घ्यावं. त्याने एमसीबी पाडून, म्हणजे मेन बोर्डावरून वीज तोडून, बोर्ड उघडला, फेज बटणावर आणली, न्यूट्रल सरळ होल्डरला दिली. बल्ब विझला तो नीट विझला.

मग टू-वे. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं, तीच पद्धत. कपाटावरच्या पट्टीचं एक बटण दाराशी आणि एक पलंगाशी. आत आल्यावर दाराशी लावायचं, झोपताना पलंगावरून बंद करायचं. दोन्हीकडे टू-वेचे स्विच आणि मधून जास्तीची वायर एवढंच लागतं. भिंत फोडायची नव्हती म्हणून वायर प्लास्टिकच्या पट्टीतून, दाराच्या चौकटीच्या कडेने आणि स्कर्टिंगच्या वरून नेली. पट्टी भिंतीच्याच रंगाने रंगवली. सामान ६२०, मजुरी ९००. या दोन बटणांनी घरातलं वागणं जितकं बदललं तितकं बाकी कशानेच नाही. ह्यांनी आता मध्यरात्री येऊन दाराशी बटण दाबलं की कपाटामागून छतावर मऊ उजेड येतो, कपडे दिसतात, आणि मला जाग आली तरी डोळे मिटून घेण्याइतकीच येते.

डिमर घ्यायचा विचार होता, तो सोडला. साध्या एलईडीला पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर लावला की तो फडफडतो. त्याला डिमेबल लिहिलेलाच बल्ब लागतो आणि तो महाग. त्यापेक्षा तीन वेगळे छोटे उजेड असले की हवा तेवढाच लावता येतो.

सासूबाईंना हे सगळं आधी पटलं नव्हतं. पट्टी पहिल्यांदा लावली तेव्हा दारातूनच म्हणाल्या, “अगं, लाइट डिम आलाय का? स्टॅबिलायझर बघ.” त्यांचं म्हणणं मला कळतं. त्यांच्या उमेदीच्या काळात पिवळा उजेड म्हणजे व्होल्टेज पडलंय, आणि घरात पांढरी ट्यूब आली म्हणजे बरे दिवस आले. दिवेलागणीला घर लख्ख हवं, ही त्यांची श्रद्धा आहे आणि तिचा मान ठेवायलाच हवा. म्हणून ट्यूब काढली नाही, आणि नुसत्या मान राखण्यापुरतीही ठेवलेली नाही. केर काढताना, इस्त्री करताना, पलंगाखाली गेलेलं कानातलं शोधताना तीच लागते. तिन्हीसांजेला ती लागते, आई देवापुढे दिवा लावून येतात, स्तोत्र होतं. जेवणानंतर ट्यूब बंद आणि पट्टी सुरू.

रात्रीच्या दिव्याचं सांगायचं राहिलं. आधी आमच्याकडे झीरोचा निळा बल्ब होता, तोही डोळ्यांसमोरच्याच भिंतीवर. तो जुना झीरोचा बल्ब शून्य वॉटचा कधीच नव्हता. बारा-पंधरा वॉट खायचा. जुन्या मीटरवर एवढी थोडी वीज नोंदली जात नसे म्हणून नाव झीरो पडलं. रात्रभर जळला तर महिन्याला तीन-चार युनिट होतात. त्याच्या जागी ३४० रुपयांचा सेन्सरचा दिवा घेतला, केशरी उजेडाचा, आणि तो पलंगाच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला. पाय खाली टेकवले की लागतो, जरा वेळाने आपोआप विझतो. उजेड फरशीवर, पावलांपुरता. रात्रीचा दिवा कमरेच्या वर लावूच नये, या मताला मी आले आहे.

ह्यांच्या दिवसाच्या झोपेसाठी पडद्याला अस्तर लावलं. एमटी क्लॉथ मार्केटमधून ब्लॅकआउटचं कापड आणलं, ५४० रुपये, आणि आहे त्याच पडद्याला मागून शिवलं. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा फूट रुंद ठेवला, नाहीतर दुपारचं ऊन कडेच्या फटीतून बरोबर उशीवर येतं.

सगळा हिशेब ५,९२० रुपयांचा झाला. कुणाकडे यापेक्षा कमी पैसे असतील तर पट्टी आणि चॅनेल सोडून द्यावं, कपाटावर साधा होल्डर ठेवून त्यात वॉर्म बल्ब लावावा. बल्ब खालून दिसणार नाही इतका मागे असला की काम तेच होतं. पण टू-वे बटण आणि मिस्त्रीची मजुरी यात काटकसर करू नये. आणि छत मळकं असेल तर पहिले पैसे त्याच्यावर.

आता आईंनी त्यांच्या खोलीचं मनावर घेतलं आहे. तिथे हेच दिवे लावून चालणार नाही. वय वाढतं तशी डोळ्यांतली भिंगं पिवळी होत जातात, बाहुली लहान होते, आत पोचणारा उजेडच कमी होतो. त्या पोथी वाचतात, सुईत दोरा स्वतः ओवतात. त्यांना उबदारपेक्षा ४००० केल्विनचा, नऊ वॉटचा दिवा लागेल, डाव्या खांद्यामागून येणारा, उघडा न दिसणारा. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत एकाऐवजी दोन सेन्सरचे दिवे, कारण मधला उंबरठा अंधारात राहतो. दाण्यांची उरलेली पट्टी त्यांच्या देव्हाऱ्याच्या वरच्या फळीखाली बसेल. मिस्त्रीला पुढच्या रविवारी बोलावलं आहे. घराचं वायरिंग सगळं एकाच वेळी झालेलं, त्यामुळे आईंच्या बोर्डावरही स्विच न्यूट्रलवरच असण्याची शक्यता आहे. ते आधी तपासायचं, दिवे मग आणायचे.